दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान आणि कोचिंग: नव्या समन्वयकाचं पहिलं सत्र

प्रवेशाची धामधूम संपली की एखाद्या बैठकीत 'समान संधी कक्षा'ची (महाविद्यालयातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या विभागाची) जबाबदारी एका प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. पाठोपाठ प्रश्न येतो: खरेदी काय करायची? हा लेख त्या प्राध्यापकासाठी आहे, आणि त्याच्या हाताशी असलेले ग्रंथपाल, कार्यालयातले लिपिक, एनएसएसची मुलंमुली यांच्यासाठीही. खरेदीच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या सत्रात बहुतेक वेळा 'अजून काहीच नको' असंच असतं. लागणारी बरीच साधनं फुकट आहेत, काही तर विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये आधीच आहेत. घोडं अडतं ते दोन जागी. अभ्यासाचं साहित्य यंत्राला वाचता येईल अशा रूपात नसतं, आणि साधन हाताला वळेपर्यंत शेजारी बसणारं कुणी, म्हणजे कोच, नसतं. म्हणून पुढचा क्रम खरेदीपासून सुरू होत नाही.

आधी विद्यार्थी शोधा

प्रवेश अर्जात 'दिव्यांग' रकाना भरलेल्यांची यादी कार्यालयाकडून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. आरक्षणाची गरज पडली नाही म्हणून कुणी रकाना सोडलेला असतो, कुणाला शिक्का नको असतो. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनाची अडचण) असलेल्या मुलांकडे तर अनेकदा कागदच नसतो. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर असा निरोप टाका: 'वाचायला, लिहायला, ऐकायला, जिने चढायला किंवा लक्ष टिकवायला त्रास होत असेल तर अमुक खोलीत, अमुक वेळेला भेटा. प्रमाणपत्र नसलं तरी चालेल.' वर्गात हात वर करायला सांगू नका, कुणी करत नाही.

कायद्याची जुजबी माहिती हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व प्रमाणित असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागांचं आरक्षण आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत मिळते. मात्र वर्गात वाजवी सोय करून देणं या ४० टक्क्यांशी बांधलेलं नाही, आणि नवे समन्वयक नेमके इथेच चुकतात. 'तुझे ३५ टक्केच आहेत' म्हणून पुढच्या बाकावरची जागा किंवा आदल्या दिवशी टिपणं नाकारायला कायद्यात कुठलाही आधार नाही.

ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) नाही त्यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर लगेच भरून घ्या. वैद्यकीय तपासणीची तारीख मिळून कार्ड हातात यायला बरेच दिवस जाऊ शकतात, आणि परीक्षा तोवर थांबत नाही. भरताना आधार, दहावीची गुणपत्रिका आणि हा अर्ज, तिन्हींवरचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का ते पाहा. एका कागदावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो.

पहिली भेट: तासभर, तीन मोजमापं

निदानाची चौकशी करू नका. कामाची करा. फळ्यावरचं किती दिसतं, कुठल्या बाकावरून? कोणत्या सरांचं बोलणं कळतं, कोणाचं नाही, आणि का? घरून निघून वर्गात पोचेपर्यंत कुठे अडतं? गावाहून येणाऱ्या मुलाची शेवटची एसटी किती वाजता सुटते? (पुढच्या सगळ्या भेटींच्या वेळा या एसटीवर ठरतील.) फोन कोणता, घरी इंटरनेट चालतं का, लॅपटॉप स्वतःचा की भावाचा?

मग प्रत्यक्ष करून घ्या. याच सत्राच्या पाठ्यपुस्तकातलं पान ५ मिनिटं त्याच्या नेहमीच्या पद्धतीने वाचायला सांगा आणि किती ओळी झाल्या ते मोजा. १० मिनिटं मनाने लिहायला सांगा, शब्द मोजा. तिसरं, फोनवर आलेली एक पीडीएफ उघडून तिच्यातला एक विशिष्ट परिच्छेद शोधायला सांगा आणि किती वेळ लागला ते मोजा.

लिहिण्याचा आकडा सगळ्यात कामाचा. समजा विद्यार्थी मिनिटाला ६ शब्द लिहितो. ३०० शब्दांच्या एका उत्तराला ५० मिनिटं, अशा पाच उत्तरांना २५० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला तासाला २० मिनिटांप्रमाणे वाढीव वेळ धरला तरी हातात २४० मिनिटंच असतात. म्हणजे नुसता जादा वेळ मागून या मुलाचं भागणार नाही, त्याला लेखनिक तरी हवा किंवा टंकलेखनाची मुभा तरी. मिनिटाला ८ शब्द लिहिणाऱ्याला हीच उत्तरं लिहायला जेमतेम १८८ मिनिटं लागतात, तिथे जादा वेळ पुरेल. हे गणित ऑगस्टमध्येच मांडलं तर नोव्हेंबरात धावपळ होत नाही.

साहित्य वाचण्याजोगं करा

निम्म्याहून जास्त मेहनत इथे जाते आणि जायलाच हवी. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) कितीही चांगला असला तरी फाईलमध्ये अक्षरंच नसतील तर तो 'रिकामं पान' म्हणतो.

हाती आलेल्या प्रत्येक पीडीएफची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. संगणकावर फाईल उघडा, एक ओळ माऊसने निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडलीच गेली नाही, तर ते छायाचित्र आहे. निवडली गेली पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी आली, तर ती जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली आहे: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा आयएसएममधला सुरेख. मराठी उतरलं पण वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरं तुटली, तर मजकूर युनिकोडचा (कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीतला) असूनही पीडीएफ बनवताना बिघडला आहे. शुद्ध मराठी उतरलं तर फाईल वापरायला तयार.

जुन्या फाँटचा घोळ खास आपल्याकडचा. विभागाच्या प्रश्नपेढ्या आणि सरांची दहा वर्षांपूर्वीची टिपणं बहुधा अशीच सापडतात. डोळस माणसाला पडद्यावर सुबक मराठी दिसतं, त्यामुळे 'फाईल पाठवली होती की' असं उत्तर मिळतं. स्क्रीन रीडरला मात्र तिथे इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू येते. मूळ वर्ड फाईल मिळाली तर फाँट परिवर्तक वापरून युनिकोड करा. परिवर्तन झाल्यावर 'दुसऱ्या', 'ज्ञान', 'उद्योग', 'ऑगस्ट' असे शब्द शोधून बघा. अर्धा र, ज्ञ, द्य आणि ऑ इथेच परिवर्तक हमखास घसरतो. फक्त पीडीएफ असेल तर परिवर्तकाच्या नादी लागू नका. तिची चित्रं करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) केलेलं जास्त स्वच्छ निघतं.

ओसीआर असं करा:

१. पान ३०० डीपीआयला स्कॅन करा. फोनने करणार असाल तर फोटो तिरका नको, फोनची सावली पानावर नको. डोक्यावरचा पंखा बंद करा, पान हललं की ओळी वाकतात. जाड पुस्तकाचं पान मध्याकडे वळतं, तिथे काच ठेवून दाबा.

२. व्हॉट्सॲपवरून पाठवायचं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान केलं जातं आणि अनुस्वार उडतात.

३. गूगल ड्राइव्हवर चढवा, संगणकावर उजवी कळ दाबून 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्स निवडा. दहा-दहा पानांचे तुकडे करा. मोठी फाईल अर्धवट वाचली जाते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. तक्ते मोडतात, ते हाताने पुन्हा मांडावे लागतात.

४. तपासा. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, १ आणि ९ यांची अदलाबदल होते. प्रत्येक शब्द वाचायला वेळ नसेल तर सनावळ्या, आकडे, नावं आणि सूत्रं तरी मुळाशी ताडून पाहा. 'घडा' ऐवजी 'धडा' झालं तर ऐकणारा संदर्भाने सावरून घेतो. इतिहासाच्या टिपणात १८१८ चं १८९८ झालं तर तो तेच पाठ करतो.

५. वर्डमध्ये आणून शीर्षकांना 'हेडिंग' शैली द्या. नुसतं ठळक केलेलं शीर्षक डोळ्यांना कळतं, स्क्रीन रीडरला कळत नाही. हेडिंग दिलं की विद्यार्थी स्क्रीन रीडरच्या ब्राउझ मोडमध्ये एच कळ दाबत प्रकरणातून उड्या मारू शकतो. चित्रांना पर्यायी मजकुरात दोन वाक्यांचं वर्णन द्या. 'आकृती ३' हे वर्णन नव्हे.

गणिताची समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका. वर्डमध्ये आल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबून समीकरण लिहा. वर्डची अलीकडची आवृत्ती आणि एनव्हीडीए या स्क्रीन रीडरला (त्याच्याबद्दल पुढे) गणित वाचणाऱ्या मॅथकॅटची जोड असेल तर ते वाचून दाखवता येतं.

हाताने लिहिलेली टिपणं ओसीआरला देण्यात वेळ घालवू नका. कुणाकडून तरी टाईप करून घ्या किंवा वाचून ध्वनिमुद्रित करा. मनुष्यबळाचा हिशोब धरायचा तर एका तासात साधारण १० छापील पानं स्कॅन होऊन तपासली जातात. २०० पानांच्या पुस्तकाला २० तास, पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ४. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात, कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून हे काम त्यात धरून घ्या.

स्कॅन करायला बसण्याआधी 'सुगम्य पुस्तकालय' जरूर पाहा. २०१६ साली सुरू झालेल्या या ऑनलाईन ग्रंथालयात छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी तयार पुस्तकं मिळतात. कॉपीराइटची भीती बाळगू नका. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करायला मुभा दिली आहे. पण ती प्रत त्या विद्यार्थ्यापुरतीच ठेवा, वर्गाच्या गटावर टाकू नका.

साधनं: कुणाला काय आणि कुठे बिघडतं

*अंध विद्यार्थी.* विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. बसवल्यावर कंट्रोल, आल्ट आणि एन दाबून सुरू होतो. लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये 'लॅपटॉप' मांडणी निवडा आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ (आज्ञा देताना दुसऱ्या कळेसोबत दाबायची कळ) करा, कारण बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट सोयीच्या जागी नसते. पहिल्या आठवड्यात पाचच आज्ञा शिकवा: कंट्रोलने बोलणं थांबवणं, एनव्हीडीए आणि ए ने सलग वाचन, एनव्हीडीए आणि टी ने खिडकीचं नाव, वेबपानावर एच ने पुढचं शीर्षक, एनव्हीडीए आणि एफ७ ने दुव्यांची यादी. एनव्हीडीए आणि १ दाबलं की कुठलीही कळ काय करते ते तो नुसतं सांगतो, कृती करत नाही. घरी एकट्याने सराव करायला ही सोय उत्तम. सोबत येणारा ईस्पीकचा मराठी आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यंत्रमानवासारखा वाटतो आणि मुलं दोन दिवसांत कंटाळतात. वेग कमी ठेवा, रोज एकच पान ऐकायला द्या. कान सरावला की तीच मुलं वेग स्वतःहून वाढवतात.

मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकवा. फोनेटिक कळफलक शिकायला सोपा वाटतो, पण त्यात सुचवण्यांची खिडकी उघडते आणि स्क्रीन रीडरवर काम करणारा तिच्यात हरवतो. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षराची जागा पक्की. विंडोज कळ आणि स्पेसने भाषा बदलते. आपण कोणत्या भाषेत आहोत ते दर वेळी ऐकून मगच टाईप करायची सवय लावा.

फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर): आवाजाच्या दोन्ही कळा एकदम तीन सेकंद दाबल्या की सुरू किंवा बंद (सेटिंगमध्ये हा शॉर्टकट आधी चालू करून ठेवा). डोळस मदतनीस इथे घाबरतो, कारण एक टिचकी फक्त निवडते, उघडायला दोन टिचक्या आणि सरकवायला दोन बोटं लागतात. कोचने निदान एक तास स्वतःच्या फोनवर हे करून बघितल्याशिवाय शिकवायला बसू नये.

*अल्पदृष्टी.* विंडोज कळ आणि अधिक चिन्हाने भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केपने बंद होतं. अनेकांना काळ्यावर पांढरं सोसतं, ते कंट्रोल, आल्ट आणि आय ने उलटवा. छापील टिपणं 'मोठ्या अक्षरात' म्हणून १८ किंवा २४ पॉइंटला सरसकट काढू नका. चार आकारांतला एकच परिच्छेद दाखवून विद्यार्थ्यालाच निवडू द्या. वर्णहीनता (अल्बिनिझम) असलेल्या मुलाला उजेड सोसत नाही, त्याला खिडकीपासून लांब बसवा.

*श्रवणबाधित.* अँड्रॉइडवरचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' मराठी बोललेलं पडद्यावर उतरवतं. ते बसवून फोन मागच्या बाकावर ठेवला तर पंख्याचा घरघराट आणि बाजूच्या गप्पाच उतरतात. शिक्षकाच्या सदऱ्याला लावायचा छोटा बिनतारी क्लिप माईक आणि त्याचा रिसीव्हर फोनला, एवढ्याने चित्र पालटतं. पण कोणतंही यंत्र पारिभाषिक शब्दांना चुकतं. 'अवकलन' किंवा 'प्रकाशसंश्लेषण' कसं उतरतं ते पाहाच. म्हणून उद्याच्या तासातले १०-१५ नवे शब्द आदल्या संध्याकाळी लिहून द्यायला शिक्षकाला सांगा. खर्च शून्य, आणि माईकइतकाच उपयोग.

सांकेतिक भाषा हीच पहिली भाषा असलेल्या विद्यार्थ्याला मराठी उपशीर्षकं वाचणंसुद्धा दुसऱ्या भाषेत वाचण्यासारखं असतं. त्याला दुभाषी लागतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा.

*हात किंवा हालचालीची अडचण.* शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज सुरू होतात, मग दोन कळा एकदम धराव्या लागत नाहीत. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एस ने बोलून लिहिता येतं, भाषा मराठी निवडा. मराठीत 'पूर्णविराम' म्हटलं की तो शब्दच उमटतो, विरामचिन्ह हातानेच घालावं लागतं. चाकाच्या खुर्चीसाठी वर्ग तळमजल्यावर आणणं ही वेळापत्रकाची बाब आहे. ते वेळापत्रक लागण्याआधी सांगा, नंतर कुणी हलवत नाही.

*अध्ययन अक्षमता आणि लक्ष टिकवण्याची अडचण.* एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि यू ने पान मोठ्याने वाचलं जातं, मराठी आवाजही आहेत, वाचला जाणारा शब्द ठळक होतो. यासाठी इंटरनेट लागतं. ऐकता ऐकता डोळ्यांनी ओळ धरणं हाच यातला व्यायाम आहे. नुसतं ऐकून बरीच मुलं झोपतात. एडीएचडीचं (लक्ष टिकवण्याच्या अडचणीचं) नाव कायद्याच्या २१ प्रकारांत वेगळं दिलेलं नाही. म्हणून परीक्षेतल्या सवलतींची आशा दाखवण्याआधी कागद काय आहेत ते बघा. कोचिंगला मात्र कुठलाच कागद लागत नाही.

कोचिंग: आठवड्याला अर्धा तास

इथे विषयाची शिकवणी अभिप्रेत नाही. कोचचं काम म्हणजे विद्यार्थ्याचा आठवडा, त्याची साधनं आणि त्याचं शिक्षकांशी बोलणं रुळावर आणणं. जो शिक्षक त्याच्या उत्तरपत्रिका तपासतो त्याने कोच होऊ नये, मुलं त्याच्यापुढे अडचण लपवतात. वरच्या वर्गाचा विद्यार्थी, ग्रंथालयातली व्यक्ती, दुसऱ्या विभागातला प्राध्यापक चालतो. एकाकडे चार किंवा पाचच जण द्या.

वार आणि वेळ पक्की. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. अर्ध्या तासाची साधारण विभागणी: मागच्या आठवड्याचं काय झालं याला ५ मिनिटं, एका अडचणीला १०, खऱ्या असाइनमेंटवर साधनाचा सराव १०, पुढच्या आठवड्याचं एक काम विद्यार्थ्याच्याच हाताने किंवा आवाजात नोंदवायला ५. काम असं हवं की झालं की नाही ते सांगता येईल. 'अभ्यास वाढवीन' चालणार नाही. 'बुधवारी चार ते पाच, ग्रंथालयात, दुसऱ्या प्रकरणाची पहिली ६ पानं एजमध्ये ऐकेन' हे चालेल.

मोठं काम उलटं मोजायला शिकवा. २० सप्टेंबरला प्रकल्प द्यायचा आहे. छपाई आणि बाइंडिंग १८ ला, कारण १९ ला दुकानात सगळ्या वर्गाची रांग असेल. शेवटचं वाचन १६ ला. पहिला कच्चा मसुदा १० ला. मुद्दे ३ ला. संदर्भ पुस्तकाची वाचण्याजोगी फाईल हवी असेल तर ती २० ऑगस्टपर्यंत स्वयंसेवकांकडे जायला हवी. या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये विद्यार्थ्याने स्वतः घालायच्या, प्रत्येकीला दोन गजर: आदल्या संध्याकाळी एक, कामाच्या वेळेला एक. एकच गजर बंद करून विसरणं सगळ्यांनाच जमतं.

एक नियम कोचने पाळायचाच: माऊसला हात लावायचा नाही. विद्यार्थी अडखळत असताना 'थांब, मी करून देतो' म्हणणं हा सगळ्यात मोठा मोह. त्यातून तीन महिन्यांनी विद्यार्थ्याला स्वतः फाईल उघडता येत नाही आणि कोच त्याचा कारकून बनतो. फार तर तोंडी सांगा, तेही एका वेळी एक पायरी.

शिक्षकाशी विद्यार्थ्यानेच बोलावं, पण आधी दोन-तीनदा तालीम करून. असं काहीतरी: 'मॅडम, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही फळ्याकडे वळून बोलता तेव्हा माझं सुटतं. तासाचे मुद्दे आदल्या दिवशी मिळाले तर माझं भागेल.' अडचण एका वाक्यात, परिणाम एका वाक्यात, मागणी एकच. चार मागण्या एकदम ठेवल्या की शिक्षक 'बघू' म्हणतात आणि विषय तिथेच राहतो.

सलग दोन भेटी चुकल्या तर निरोप पाठवत बसू नका, फोन करा. अनेकदा कारण लहान असतं: तासिकेची वेळ बदलली, एसटी चुकते. कधी मोठंही असतं. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटतं असं कानावर आलं तर कोचने समुपदेशक होऊ नये. महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे सोबत जावं, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विद्यार्थ्याकडे असेल असं पाहावं. पालकांना काय सांगायचं ते १८ पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला विचारून ठरवा. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र थांबू नका.

परीक्षा: आठ आठवडे आधीपासून

केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटं ठरवला होता: दोन तासांना ४०, अडीच तासांना ५०, तीन तासांना ६०. ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या विद्यार्थ्यांचा दरवाजा सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालाने उघडला आणि १० ऑगस्ट २०२२ ला त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना निघाल्या. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. नियम बदलत असतात, शिवाय प्रत्येक विद्यापीठाचा अर्जाचा नमुना आणि लेखनिकाच्या शिक्षणाची अट आपली आपली असते. म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक परीक्षा विभागाकडून आणा आणि त्यावरच चाला. गेल्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स भरून देऊ नका.

लेखनिक मिळवण्यात खरी गोची वेळापत्रकाची. तुमच्याच महाविद्यालयातल्या खालच्या वर्गाचा विद्यार्थी घेतला तर त्याचा स्वतःचा पेपर त्याच दिवशी निघतो. शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयातली, वेगळ्या वेळापत्रकाची मुलं शोधा आणि प्रत्येक पेपरमागे एक राखीव नाव ठेवा.

लेखनिकासोबत निदान दोन पूर्ण सराव पेपर घ्या. विद्यार्थ्याने आधी प्रश्नक्रमांक, मग उपप्रश्न सांगायचा, 'नवा परिच्छेद', 'अवतरण सुरू', 'अवतरण संपलं' असं स्पष्ट म्हणायचं, नावं अक्षर अक्षर सांगायची. दर उत्तराच्या शेवटी लेखनिकाने वाचून दाखवायचं. पहिल्या सराव पेपरला बहुतेकांचं अर्धंच लिहून होतं, कारण मनात वाक्य जुळवून बोलणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा करू नये. आकृतीच्या प्रश्नांना पर्याय काय, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. बसण्याची खोली वेगळी आणि तळमजल्यावर हवी, कारण मोठ्याने बोलावं लागतं.

संगणकावर पेपर लिहायची परवानगी मिळाली तर आदल्या दिवशी त्याच यंत्रावर, त्याच खुर्चीत बसून तपासा: स्क्रीन रीडर बोलतो का, इनस्क्रिप्ट आहे का, हेडफोनचा आवाज दोन्ही कानांत येतो का, फाईल आपोआप जतन होते का, इंटरनेट बंद आहे का, छपाई होते का. यूपीएसची बॅटरीही पाहा.

हे सगळं आधी अंतर्गत परीक्षेत करून बघा. तिथले निर्णय बहुतांशी महाविद्यालयाच्याच हातात असतात आणि चूक झाली तरी निस्तरता येते.

आता खरेदी

एक सत्र झाल्यावर नेमकं काय अडलं ते कळलेलं असतं. बहुधा यादी छोटी निघते: दोन चांगले हेडफोन, फ्लॅटबेड स्कॅनर, क्लिप माईकचा संच, कक्षासाठी एक लॅपटॉप, २४ इंची पडदा. ब्रेल छपाई यंत्र, ब्रेल वाचणारे विद्यार्थी असल्याशिवाय, घेऊ नका. ते सांभाळायला माणूस लागतो आणि बंद खोलीत धूळ खातं. व्यक्तिगत उपकरणांसाठी केंद्राची एडिप योजना आणि शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, महाडीबीटी हे बघा. मुदत संपण्याच्या आठवड्यात पोर्टल रेंगाळतं, निदान पंधरा दिवस आधी भरा.

सत्र संपताना पहिल्या भेटीतली तिन्ही मोजमापं पुन्हा घ्या, तेच पुस्तक, तेवढीच मिनिटं. लिहिण्याचा वेग हलला नसेल पण परिच्छेद शोधायचा वेळ निम्मा झाला असेल तर कोचिंगचा रोख पुढच्या सत्रात टंकलेखनाकडे वळवा. तयार झालेल्या फाईली ग्रंथालयाच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये जाऊ द्या. फाईलच्या नावात विषय, प्रकरण, आवृत्तीचं साल आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं घाला. विद्यार्थ्याचं नाव किंवा त्याच्या दिव्यांगत्वाचा प्रकार फाईलच्या नावात कुठेच नको.